बिल्डर टँकर बंद करणार म्हणतो आणि शेजारी नवे टॉवर उभे राहतात: सोसायटीने काय करावे?

प्रश्न: पुणे महापालिकेच्या हद्दीबाहेर, पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) क्षेत्रात आमची १२० सदनिकांची सोसायटी आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये भोगवटा प्रमाणपत्रासह ताबा मिळाला. नळजोड नाही, बोअरवेल उन्हाळ्याआधीच आटतात. आजवर टँकर बिल्डर पुरवत होता. आता त्याने नोटीस दिली आहे: दुष्काळ ही नैसर्गिक आपत्ती आहे, टँकरचे बिल सोसायटीने भरावे, नाहीतर पुढच्या महिन्यापासून पुरवठा बंद. त्याच भूखंडावर दुसऱ्या टप्प्याचे तीन टॉवर मात्र जोरात चालू आहेत. ते बांधकाम थांबवता येईल का? मेंटेनन्स अजून बिल्डरकडेच आहे.

उत्तर: बांधकाम थांबवण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा. तुमची ताकद तिथे नाही. ती तीन कागदांत आहे, आणि त्यातले दोन बहुधा तुम्ही अजून पाहिलेलेही नाहीत.

पहिला कागद म्हणजे बांधकाम परवानगीच्या फाइलमधले पाण्याचे हमीपत्र. नळाचे पाणी पोहोचलेले नसते तिथे परवानगी देताना विकासकाकडून असे लिहून घेतले जाते की, सार्वजनिक पुरवठा सुरू होईपर्यंत रहिवाशांना पाणी मी स्वखर्चाने देईन. पुण्याच्या आसपास हे सर्रास चालते आणि ग्राहकाला त्याचा पत्ताही नसतो. माहिती अधिकारात १० रुपये भरून संपूर्ण फाइलची पाहणी मागा. 'हमीपत्राची प्रत द्या' एवढेच लिहिले, तर 'आढळून येत नाही' असे उत्तर येण्याची शक्यता असते. फाइल समोर आली की पान तुम्हीच शोधता. ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर लगेच पहिले अपील करा.

दुसरा कागद तुमच्या घरातच आहे: नोंदणीकृत करारनामा. त्यात 'नळजोड मिळेपर्यंत टँकरचा खर्च खरेदीदाराने सोसावा' असे कलम आहे का, ते आधी बघा. असेल तर तुमची बाजू थोडी लंगडी होते, हे स्पष्ट सांगतो. रेरा कायद्याच्या (स्थावर संपदा नियमन व विकास कायदा, २०१६) कलम ११(४)(ड) नुसार मेंटेनन्स सोसायटीकडे जाईपर्यंत अत्यावश्यक सेवा पुरवण्याची जबाबदारी विकासकाची आहे, पण 'वाजवी शुल्क घेऊन'. बिल्डरचा वकील याच तीन शब्दांवर उभा राहील. त्याला उत्तर म्हणजे पहिला कागद: प्राधिकरणाला 'स्वखर्चाने' लिहून द्यायचे आणि ग्राहकाकडून तोच खर्च वसूल करायचा, या दोन्ही गोष्टी एकत्र चालत नाहीत. हमीपत्र प्राधिकरणाला दिलेले आहे, तुम्ही त्यात पक्षकार नाही, असा आक्षेप येईल. म्हणून महारेराकडे (रेरा कायद्याखालच्या राज्याच्या नियामकाकडे) जाण्याआधी पीएमआरडीएला लेखी अर्ज देऊन हमीपत्राची अंमलबजावणी मागा आणि पोच घ्या. प्राधिकरण गप्प बसले, तर ते गप्प बसणेही पुढे उच्च न्यायालयात रिट याचिकेत कामाला येते.

दुष्काळाच्या सबबीने घाबरू नका. रेरा कायद्यात 'दुष्काळ' हा शब्द खरोखर आहे. कलम ६ मध्ये युद्ध, पूर, आग, भूकंप यांच्या रांगेत तो बसला आहे. पण ते कलम प्रकल्पाच्या नोंदणीची मुदत वाढवण्यापुरते आहे. ताबा दिलेल्या इमारतीचे पाणी तोडण्याची सवलत त्यातून मिळत नाही. शिवाय दुष्काळाने तुमचे पाणी अडवले आणि शेजारचे काँक्रीट अडवले नाही, तर ते नेमके कोणत्या पाण्यावर चालले आहे, हे विचारायला हवेच. बांधकामावर येणाऱ्या टँकरचे आणि तिथल्या बोअरच्या पंपाचे तारीख दिसणारे फोटो काढून ठेवा.

टँकर बंद करण्याच्या धमकीवर दोन उपाय आहेत. पहिला महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा, १९६३ (मोफा) यातला; रेरा-नोंदणीकृत प्रकल्पाला तो आज कितपत लागू होतो, हे वकिलाकडून आधी तपासून घ्या. त्याच्या कलम १२अ नुसार पुरेशा कारणाशिवाय अत्यावश्यक पुरवठा तोडता किंवा कमी करता येत नाही, तोडला तर न्यायालयाकडून तो पुन्हा सुरू करून घेता येतो. दुसरा उपाय म्हणजे महारेराकडे तक्रार दाखल करतानाच रेरा कायद्याच्या कलम ३६ खाली अंतरिम मनाईचा अर्ज. फक्त 'पुरेसे कारण' बिल्डरच्या हाती देऊ नका. थकबाकी हे त्याचे पहिले कारण असेल. तेव्हा जी रक्कम वाजवी वाटते ती बँकेतून भरा आणि त्याच दिवशी पत्र द्या: 'हक्क राखून, निषेध नोंदवून, परताव्याच्या अधीन.' सरसकट पैसे रोखणाऱ्या सोसायट्यांची बाजू अंतरिम टप्प्यावरच अवघड होते.

आता आकड्यांकडे या, कारण तक्रारींचा जीव इथे जातो. शहरी घरगुती वापराचा प्रचलित निकष माणशी दिवसाला १३५ लिटर आहे, त्यातले ४५ लिटर फ्लशचे. घरटी चार माणसे धरली तर ४८० रहिवाशांना रोज ६४,८०० लिटर लागतात, म्हणजे दहा हजार लिटरचे साधारण साडेसहा टँकर. यातले २१,६०० लिटर फ्लशचे. ते एसटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाच्या) शुद्ध केलेल्या पाण्यातून भागायला हवेत. तुमची एसटीपी चालू आहे का? फ्लशला वेगळी पाइपलाइन आहे का? नसेल, तर रोज दोनपेक्षा जास्त टँकर तुम्ही निव्वळ सदोष सुविधेपायी घेत आहात. हा वेगळा आणि अधिक भक्कम दावा आहे: रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताब्यापासून पाच वर्षांत सेवांमधला दोष दाखवला, तर विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. तुमची मुदत ऑगस्ट २०२८ पर्यंत आहे. दोषाची नोटीस आजच पाठवा. ती सोसायटीच्या ठरावासह जाऊ द्या, एकट्या सचिवाच्या ईमेलवर नको.

हे आकडे सिद्ध करण्यासाठी जमिनीखालच्या टाकीच्या तोंडाशी मीटर बसवा. वहीत तारीख, वेळ, गाडीचा क्रमांक, रिकामे करण्याआधीचे व नंतरचे रीडिंग आणि पहारेकऱ्याची सही, एवढे रोज लिहा. दहा हजार म्हणून आलेला टँकर मीटरवर पुष्कळदा कमी भरतो. पाण्याचा नमुनाही तपासून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आहेत, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतात. ई-कोलाय मात्र १०० मिलिलिटरमध्ये एकही चालत नाही.

तिसरा कागद दुसऱ्या टप्प्याचा: पर्यावरण मंजुरी. एकूण बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा अधिक असेल, तर २००६ च्या अधिसूचनेनुसार ती लागते आणि केंद्राच्या 'परिवेश' संकेतस्थळावर वाचता येते. महाराष्ट्रात या मंजुऱ्यांमध्ये बहुतेक वेळा एक अट असते: पिण्याच्या पाण्याची शाश्वत उपलब्धता, सांडपाणी वाहिनीची जोडणी आणि शुद्ध केलेल्या पाण्याची योग्य विल्हेवाट यांची खात्री झाल्यावरच नियोजन प्राधिकरणाने भोगवटा प्रमाणपत्र द्यावे. तुमची मागणी याच अटीवर उभी करा. काम थांबवा म्हणू नका. पाण्याचा स्रोत सिद्ध होईपर्यंत तीन टॉवरांना भोगवटा प्रमाणपत्र देऊ नका, अशी हरकत पीएमआरडीएकडे आत्ताच नोंदवा. प्रमाणपत्र दिले गेल्यावर तेच रद्द करून घेणे फार कष्टाचे असते. दोन्ही टप्प्यांची टाकी, बोअर किंवा एसटीपी एकच असेल, तर मंजूर नकाशेही तपासा. सामाईक सुविधांत बदल करायला रेरा कायद्याच्या कलम १४(२) नुसार दोन तृतीयांश सदनिकाधारकांची लेखी पूर्वसंमती लागते. महारेराच्या संकेतस्थळावर दोन्ही टप्प्यांत पाणीपुरवठा आणि एसटीपी 'किती टक्के पूर्ण' दाखवली आहे, त्या पानांची प्रत काढून ठेवा.

बांधकामच थांबल्याची उदाहरणे आहेत. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बाणेर-बालेवाडीत पाण्याअभावी नव्या बांधकामांवर निर्बंध घातले होते. पण ती जनहित याचिका होती, वाद संपूर्ण परिसराच्या पुरवठ्याचा होता. एका सोसायटीच्या टँकर-बिलांवर तसा आदेश मिळेल असे मला वाटत नाही. परिसरातल्या सोसायट्या एकत्र येऊन गावाची एकूण गरज, उपलब्ध पाणी आणि दिलेल्या परवानग्या यांचे आकडे मांडणार असतील, तर तो मार्ग खुला आहे.

महारेराची तक्रार ऑनलाइन करता येते, शुल्क ५,००० रुपये. तक्रारदार सोसायटी असू द्या. मागण्या तीन ठेवा: पुरवठा चालू ठेवणे, एसटीपीची दुरुस्ती, निषेध नोंदवून भरलेल्या रकमेचा परतावा. भरपाई हवी असेल तर तो अर्ज वेगळा, महारेरातल्या न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे.

बिल्डर येत्या आठवड्यांत मेंटेनन्स हस्तांतराचे पत्र पुढे करील, हे जवळपास नक्की धरा. कलम ११(४)(ड) मधली त्याची जबाबदारी त्या हस्तांतरापर्यंतच आहे. एसटीपीचा चाचणी अहवाल, बोअरचे प्रत्यक्ष उत्पादन, नळजोडासाठी केलेल्या अर्जाची प्रत आणि पाण्याबाबतच्या उरलेल्या दायित्वाची लेखी कबुली यांशिवाय त्या पत्रावर सही करू नका.