बाजार पडेपर्यंत थांबू का?

एफडीचे आठ लाख सुटलेत, शेअर बाजार खूप वर आहे, तर पडल्यावर घालू का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: थांबू नका.

बाजार पडेल हा तुमचा अंदाज खरा ठरेलही, दर काही वर्षांनी तो आपटतोच. पण तेव्हा तुम्ही घ्याल का?

मी दादरला प्लाझाच्या मागे एका सब-ब्रोकरकडे (शेअर दलालाच्या प्रतिनिधीकडे) टर्मिनलवर, म्हणजे ऑर्डर टाकायच्या कॉम्प्युटरवर, बसायचो. जानेवारी 2008 मध्ये सेन्सेक्स 21 हजारांवर होता, मार्च 2009 मध्ये आठ हजारांच्या आसपास. आमच्याकडे रोज डोकावणाऱ्या एका काकांनी वरच्या भावात बरंचसं विकून टाकलं होतं. म्हणजे निम्मा अंदाज अचूक! आठ हजारांना म्हणाले, "सहा येऊ दे." वर चढायला लागल्यावर म्हणाले, "फसवी तेजी आहे, निवडणुकीचा निकाल लागू दे." निकाल लागला शनिवारी. सोमवारी, 18 मे ला, बाजार उघडल्या उघडल्या वरचं सर्किट, म्हणजे ठरलेल्या मर्यादेइतका निर्देशांक चढला की व्यवहार थांबवतात ते. दोन तासांनी परत उघडला, परत सर्किट, मग दिवसभर बंद. सेन्सेक्स 2,110 अंकांनी वर, म्हणजे 17 टक्क्यांहून जास्त. काकांची ऑर्डर टाकलेली, पण समोर विकणाराच नाही. "लागली का रे?" एवढंच विचारत होते.

2020 मध्येही तेच. 23 मार्चला एका दिवसात 13 टक्के घसरण, 26 हजारांच्या खाली, आणि डिसेंबर संपता संपता 47 हजार.

मात्र लाँग टर्म म्हणजे हाती लागेल ते कवटाळून बसणं नव्हे. सत्यम या आयटी कंपनीचे शेअर धरून बसलेल्यांना विचारा, 2009 मध्ये तिच्या हिशेबातला घोटाळा उघड झाला आणि शेअर कोसळला. इंडेक्स फंडात, म्हणजे सेन्सेक्ससारख्या निर्देशांकाच्या यादीतल्याच कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या फंडात, निदान मागे पडलेली कंपनी कधी ना कधी यादीतून बाहेर जाते. अर्थात तोही रामबाण नाही. जपानच्या निक्केई निर्देशांकाला 1989 चा उच्चांक ओलांडायला 2024 उजाडलं. म्हणून सगळी पुंजी शेअरमध्ये नको.

पुढच्या पाच वर्षांत लागणारे पैसे, मुलांची फी असो की घराचं डाऊन पेमेंट, एफडीतच राहू द्या. उरलेले एकरकमी घालायची छाती होत नसेल तर लिक्विड फंडात (अगदी कमी मुदतीच्या कर्जरोख्यांत पैसे ठेवणाऱ्या फंडात) टाका आणि वर्षभराची एसटीपी लावून, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम आपोआप, इंडेक्स फंडात वळवा. एसटीपीची तारीख 5 ठेवा नाहीतर 25, काही फरक पडत नाही.