हात थरथरतात, कागद वाजतो

प्रश्न : मी एस.वाय.ला आहे. हौसेने कॉलेजात वक्तृत्वाचा प्राथमिक वर्ग घेतला. पहिलं भाषण ३ मिनिटांचं होतं, ४० सेकंदांतच सगळं विसरले. पुढच्या आठवड्यात पुन्हा उभं राहायचंय. वर्ग सोडू का?
– एक विद्यार्थिनी, कोथरूड

उत्तर : अगं, सोडतेस कशाला? मी कॉलेजात असताना ‘अध्यक्ष महाशय’ म्हणाले आणि पुढचं वाक्य गेलं ते गेलंच. हातातला फुलस्केप एवढा फडफडत होता की पहिल्या बाकावरच्या मुली माझ्याऐवजी त्याच्याकडेच बघत होत्या. तेव्हापासून मी पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा घेते. थरथरतो तोही, पण वाजत नाही.

तू भाषण घोकलं असणार. घोकलेल्यातला एक शब्द निसटला की सगळी माळ ओघळते. पुठ्ठ्यावर चार मुद्दे लिही, पाठ फक्त पहिलं आणि शेवटचं वाक्य. ३ मिनिटांत साडेतीनशेच्या आसपास शब्द मावतात. तू बहुधा सहाशे कोंबलेस. विषयही ‘जागतिकीकरण’ वगैरे नको. भरलेल्या पीएमपीतून आपल्या स्टॉपवर उतरायचं कसं, यावर बोल. तिथे तुला शब्द शोधावे लागणार नाहीत.

आणि उन्हाळ्यात टिळक स्मारक मंदिरात वसंत व्याख्यानमालेला जा. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली ही परंपरा. कडेला बस आणि वक्ता पाणी कधी पितो ते बघ. अडला की हात पेल्याकडे जातो, दोन घोटांत वाक्य सापडतं, श्रोत्यांना पत्ताही लागत नाही. तूही पाण्याची बाटली जवळ ठेव. झाकण मात्र आधीच सैल करून.