आधी तुझी लाइन सांग

पोरा,

रविवारच्या बुद्धिबळाच्या बैठकीबद्दलचा तुझा मेसेज वाचला. ‘काका, जे डाव इंजिननं खोटे ठरवलेत ते बघायचेच कशाला? आणि चर्चेत बोलायचं तरी काय?’ रविवारी तू तोंड पाडून निघालास तेव्हाच वाटलं होतं, हे तुझ्या डोक्यात घोळत राहणार.

पटावर अँडरसन विरुद्ध किझेरिट्स्की हा जुना गाजलेला डाव होता, लंडन १८५१. अठराव्या चालीला पांढऱ्याचा उंट डी-६ या घरावर गेला आणि मोबाइलमधून मान वर न काढता तू म्हणालास, ‘ही चूक आहे.’ आहेच. पण ‘का?’ विचारल्यावर तू इंजिनचा, म्हणजे चाली तोलणाऱ्या त्या संगणक-प्रोग्रामचा, आकडा वाचून दाखवलास. अरे, काळ्यानं आधी ए-१ चा हत्ती शह देत मारायचा आणि वजीर परत बी-२ वर आणायचा. आता तो सी-२ चं प्यादं शहासकट मारायला टपलेला, त्यामुळे पांढऱ्याला हवी असलेली चाल, प्यादं ई-५ वर ढकलायची, खेळायला सवड मिळत नाही. हे पुढे पहिला जगज्जेता झालेल्या श्टाइनिट्झनं १८७९ मध्ये सांगितलंय. त्याच्याकडे कुठलं इंजिन होतं?

किझेरिट्स्कीनं उलट क्रमानं मारलं. आधी जी-१ चा हत्ती खाल्ला. लगेच पांढऱ्याचं प्यादं ई-५ वर आलं, वजिराची जी-७ कडे जाणारी तिरकी वाट बंद झाली आणि डाव संपला. शेवट तर स्वतः पटावर मांडून बघ. बाविसाव्या चालीला वजीर एफ-६ वर फुकट का दिला? जी-८ वरचा घोडा ई-७ राखत होता, त्याला तिथून ओढून काढायला. घोड्यानं वजीर मारला, उंट ई-७ वर आला, मात. एवढं तुझ्या तोंडून आलं असतं तर डाव ‘खोटा’ म्हणायचा हक्क मी आनंदानं दिला असता.

म्हणून म्हणतो, आधी तुझी लाइन सांग, म्हणजे पुढच्या चाली कशा पडतील ते. चुकीची असली तरी चालेल. पाच चालींची नसेल तर दोन चालींची सांग.

तुम्हा पोरांनाच बोलतोय असं नाही. आमच्या वेळी इंजिन नव्हतं, पण उसनी मतं होतीच. पुस्तकात चालीपुढे दोन उद्गारचिन्हं, म्हणजे ‘अप्रतिम चाल’ अशी खूण, दिसली की आम्ही मान डोलवायचो. तरुणपणाची चांगली वर्षं मी दुसऱ्यांची उद्गारचिन्हं पाठ करण्यात घालवली, आणि स्पर्धेत घड्याळ चालू झालं की डोकं रिकामं. ‘यात तुला स्वतःला काय दिसतं?’ असं तेव्हा कुणी दरडावून विचारायला हवं होतं. विचारलं नाही कुणी. म्हणून आता मी विचारतो, आणि लोकांना ते टोचतं. बैठकीत मोबाइल बाजूला ठेवायचा हा नियम माझाच. त्यापायी एक जुना भिडू यायचा थांबला. वाईट वाटतं, नियम मात्र बदलणार नाही. आकडे वाचायला पाच माणसं एकत्र बसायची गरजच काय?

तू म्हणशील, विश्वनाथन आनंदसुद्धा इंजिन वापरतो. वापरतो ना! २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या वाइक आन झे इथल्या स्पर्धेत अरोनियनविरुद्धच्या डावाची बरीचशी तयारी घरीच झालेली होती. पण तो डाव जिंकल्यावर त्याला आठवण कशाची झाली? आजच्या पोलंडमधल्या लोड्झ शहरात १९०७ साली रुबिनस्टाइननं रोटलेवीविरुद्ध खेळलेल्या डावाची. राजावर रोखलेले तेच दोन उंट. इंजिन चाल दाखवतं, पण ही ओळख पटायला ते जुने डाव हातानं खेळून बघितलेले लागतात.

चिडून लिहितोय असं वाटेल. थोडा चिडलोही आहे, कारण तुझी नजर चांगली आहे. मागच्या महिन्यात ती हत्तीची पिन, म्हणजे मोहरा हलवणं अवघड करणारी कोंडी, सगळ्यांच्या आधी तुला दिसली होती, तेव्हा मोबाइल तुझ्या खिशात होता. आधी लाइन, मग इंजिन. इंजिननं तुझी लाइन मोडली तर नेमकी कुठल्या चालीवर मोडली ते लिहून ठेव. बैठकीत बोलायला तेवढं पुरतं.

येत्या रविवारी कास्पारोव–टोपालोव हा डाव, वाइक आन झे १९९९. चोविसाव्या चालीला पांढऱ्यानं डी-४ वर हत्ती दिला. टोपालोवनं तो घेतला आणि त्याचा राजा ए-७ वरून हाकलत पांढऱ्याच्या पहिल्या रांगेपर्यंत नेला गेला. हत्ती न घेता राजा बी-६ वर सरकवला असता तर काळा तरला असता, हे सगळ्यांना पाठ आहे. कसा तरला असता, ते तू दाखवायचं. तू काळा घे, मी पांढरा घेतो. साडेदहाला ये, चहा झाल्यावर बसू.

तुझा,
काका