टाइप १ डायबेटिस असलेल्या मुलाला हार्मोनच्या बालतज्ज्ञांकडे न्यायलाच हवं का?

तुमचा मुलगा ७ वर्षांचा, नुकताच आयसीयूतून घरी आलाय, आणि गावातले शुगरचे डॉक्टर "मीच बघतो" म्हणतायत. मग पुण्याला मुलांच्या हार्मोन डॉक्टरांकडे कशाला, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही. माझ्या मुलीला सहाव्या वर्षी टाइप १ (शरीरात इन्सुलिन बनणंच थांबतं, तो डायबेटिस) निघाला, आता ती १२ वर्षांची आहे. आम्ही कराडचे, दर तीन महिन्यांनी एसटीने पुणे गाठतो.

न्या. इन्सुलिन तेच मिळेल, पण बघणारा डोळा वेगळा असतो.

पहिलं वर्ष आम्हीही जवळच्याच डॉक्टरांकडे काढलं. भला माणूस, पण त्यांचे पेशंट सगळे पन्नाशीचे. मुलीची शुगर कधी ४००, कधी ६०, आणि दर वेळी कागदावर डोस बदलून मिळायचा. पुण्यात डॉक्टरांनी शुगरची वही नंतर उघडली. आधी तिला टेबलावर झोपवून पोटावरून बोटं फिरवली. बेंबीच्या डाव्या अंगाला रबरासारखी गाठ लागली. तिथं टोचलं की ती रडायची नाही, म्हणून मी वर्षभर तिथंच टोचत होते! एकाच जागी टोचून चरबी सुजते, तिथं दुखतं कमी, पण इन्सुलिन कधी शोषलं जातं, कधी नाही. डोस वाढवला तर नाहीच, नव्या जागी द्यायचं म्हणून उलट थोडा कमी करून दिला. घरी आल्यावर मी त्या गाठीवर हात ठेवून किती वेळ बसले होते, सांगत नाही.

दुसरी गोष्ट उंचीची. दर भेटीत टाचा, पाठ, डोकं भिंतीला टेकवून उंची घेतात आणि तक्त्यावर टिंब काढतात (भारतीय मुलांसाठी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे २०१५ चे तक्ते आहेत, ते). आमचं टिंब दोनदा खाली सरकलं. घरी आम्ही "आईवर गेलीये, लहानखुरीच" म्हणत होतो. रक्त तपासलं तर थायरॉइड. टाइप १ च्या मुलांना थायरॉइड आणि सीलिअ‍ॅक (गहू न सोसण्याचा आतड्याचा आजार) हे दोन्ही इतरांपेक्षा जास्त होतात, म्हणून त्यांची तपासणी अधूनमधून करतातच. शिवाय मुलं वयात येऊ लागली की इन्सुलिनची गरज दिवसाला दर किलो वजनामागे एका युनिटच्याही वर जाऊ शकते. ते माहीत नसेल तर सगळं खापर "चोरून खातेस का" म्हणून पोरीवर फुटतं. आमच्याकडे फुटलंय.

पदवी बघून घ्या. आधी बालरोगात एमडी किंवा डीएनबी, त्यावर हार्मोनची फेलोशिप (खास प्रशिक्षण) किंवा डीएम (एमडीनंतरची पदवी). बालहार्मोनमधलं डीएम चंदीगडच्या पीजीआय या सरकारी वैद्यकीय संस्थेसारख्या मोजक्याच ठिकाणी होतं, त्यामुळे बरेच जण फेलोशिपवाले असतात, त्यात कमीपणा नाही. मी पदवीपेक्षा एक जास्त विचारेन: रात्री फोन कोण उचलतं?

कारण एका लग्नात आमच्या इन्सुलिन पेनच्या सुया घरी राहिल्या. मी पेनच्या काडतुसातलं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजने ओढलं आणि ४ च्या खुणेपर्यंत भरलं. लाल टोपीची सिरिंज एका मिलीत ४० युनिट असलेल्या बाटलीसाठी असते, पेनमधल्या इन्सुलिनमध्ये मिलीला १०० युनिट असतात. म्हणजे ४ च्या जागी १० युनिट गेले. वऱ्हाडी जेवत होते आणि मी मांडवामागे पुण्याला फोनवर. तिकडून आवाज शांत: आधी जेवू घाला, दर अर्ध्या तासाला शुगर बघा, ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत तपासा, झोपू देऊ नका. दोनदा साखर द्यावी लागली. ती सिरिंज आता आमच्या घरात ठेवत नाही.

आणि काढा-चूर्णवाले येतीलच, नातेवाईकच घेऊन येतात. इन्सुलिन सुरू केल्यावर सुरुवातीला काही महिने बऱ्याच मुलांना ते फार कमी लागतं, नेमकं तेव्हा त्यांचं औषध "लागू पडतं". इन्सुलिन एक दिवसही बंद करू नका, ताप-उलटीतसुद्धा. पोटात दुखून उलट्या आणि जोराचा श्वास दिसला तर पित्त समजून थांबू नका, थेट दवाखाना गाठा. आमचं निदान याच घोळात दोन दिवस लांबलं होतं.

गावातल्या डॉक्टरांना सोडू नका. सर्दी-तापाला तेच धावून येणार आहेत, पुण्याचा कागद त्यांना दाखवत राहा. पहिल्या भेटीला शुगरची वही, शाळेत नोंदलेल्या जुन्या उंच्या आणि घरातली सगळी पेनं-सिरिंजा घेऊन जा. डबाही न्या. ओपीडीत नंबर लागेपर्यंत जेवणाची वेळ टळते.