चार वाजताचं रीडिंग

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र रात्री वाचलं, सकाळी परत वाचलं. प्रयोगशाळेत एचपीएलसीवर, म्हणजे नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या मशीनवर, अडकलीस, चार वाजता फ्रीजचं तापमान बघायला गेलीच नाहीस आणि साडेसहाला लॉगबुकमध्ये चारच्या रकान्यात ४.२ अंश लिहून सही केलीस. घरी आल्यावर घास उतरेना. "एवढ्याशा गोष्टीचं मी उगाच मनाला लावून घेतेय का?" असं विचारतेस. नाही गं. घास उतरला नाही, हे वाचून मला बरंच वाटलं.

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या नील गॅरेट, टाली शारोट आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग २०१६ मध्ये नेचर न्यूरोसायन्समध्ये आला होता. नाण्यांनी भरलेल्या काचेच्या बरणीत किती पैसे आहेत, हे आपल्या जोडीदाराला सांगायचं. जोडीदाराला चित्र नीट दिसत नाही, म्हणून तो तुमच्या शब्दावर विसंबून. काही फेऱ्यांत खोटं सांगून स्वतःचा फायदा करून घेता येत होता. लोकांनी सुरुवातीला थोडीच थाप मारली, मग ती वाढत गेली. मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसलं की भावनिक गोष्टींना प्रतिसाद देणारा अमिग्डाला हा मेंदूचा भाग पहिल्या थापांना जोरात प्रतिसाद देत होता, पुढे पुढे मंदावला. आणि जितका तो मंदावला, तितकी पुढची थाप मोठी. अमिग्डाला म्हणजे काही सदसद्विवेकाची गाठ नव्हे, एका स्कॅनवरून कुणाचं मन वाचता येत नाही. पण सवयीनं टोचणी बोथट होते, एवढं त्यातून मला पटलं. तुझी अजून बोथट झालेली नाही.

माझी झाली होती. पहिल्या नोकरीत मीही एकच रीडिंग न बघता भरलं, आणि दोन दिवस सुपरवायझरकडे मान वर करून बघता येईना. दुसऱ्या वेळी अर्धा दिवस. चार महिन्यांत मी सोमवारी येऊन अख्ख्या रविवारचा रकाना भरायला लागले, त्याच पेनानं, मध्येच एखादा ४.३ टाकून, म्हणजे खरं वाटावं. तो ४.३ टाकताना मला काहीसुद्धा वाटत नव्हतं. अशाच एका रविवारी कॉम्प्रेसर बंद पडला. सोमवारी मी आधी रकाना भरला आणि मग दार उघडलं. रेफरन्स स्टँडर्डच्या, म्हणजे ज्यांच्याशी ताडून बाकीचे नमुने तपासतात त्या प्रमाण नमुन्यांच्या, कुप्या घामेजलेल्या, लेबलांवरची शाई फुटलेली, आणि कागदावर माझ्या अक्षरात रविवार दुपारचं ४.१.

तू लिहितेस, पैशासाठी केलं नाही. मीही नव्हतं केलं. रीडिंग चुकलं तर डिव्हिएशन, म्हणजे ठरलेल्या पद्धतीत चूक झाल्याची लेखी नोंद, उघडावं लागेल, साहेब बोलतील, रात्रपाळीच्या मुलाला त्रास होईल. भीती आणि सोबत्याची काळजी. ही कारणं मला लोभापेक्षा जास्त धोक्याची वाटतात, कारण ती चांगली दिसतात. त्याच प्रयोगात लोक सर्वांत जास्त खोटं बोलले ते स्वतःचा आणि जोडीदाराचा, दोघांचाही फायदा होत होता तेव्हा.

हार्वर्डच्या जोशुआ ग्रीन आणि जोसेफ पॅक्स्टन यांचं २००९ मधलं कामही मी विसरत नाही. नाणेफेकीचा अंदाज मनातल्या मनात करायचा आणि बरोबर आला की नाही ते स्वतःच सांगायचं. जे प्रामाणिक राहिले, त्यांच्या मेंदूत मोह आवरण्याची विशेष धडपड दिसलीच नाही. धडपड दिसली ती फसवणाऱ्यांच्या मेंदूत, अगदी ते खरं बोलत होते तेव्हासुद्धा. म्हणून रोज मनाशी कुस्ती खेळून प्रामाणिक राहीन असं ठरवू नकोस, थकशील. मोबाइलला तीन पंचावन्नचा गजर लाव. मशीनवर अडकलीस तर शेजारच्याला हाक मार, त्यालाच बघू दे आणि त्यालाच सही करू दे. वेळ चुकलीच, तर रकान्यात "रीडिंग घेतलं नाही" लिही आणि कारण लिही.

आणि ते ४.२. खाडाखोड करू नकोस, पान फाडू नकोस, व्हाइटनर तर नकोच. एक सरळ रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी खरं कारण, आजची तारीख, सही. पण त्याआधी सुपरवायझरना जाऊन सांग. आवाज कापेल, कापू दे. बहुतेक डिव्हिएशन उघडतील, वरून दोन शब्दही ऐकवतील.

उद्या तुझी सकाळची पाळी ना? साडेतीननंतर फोन कर, मी घरीच आहे.

तुझी,
मॅडम