एकच तळं धरू दे

पोरा,

पप्पा डिसेंबरअखेर रिटायर होणार, मग दिवसभर घरात बसून चिडचिड करणार, म्हणून तू आत्तापासनंच घाबरलायस. कळलं. पण त्यांना पक्षी बघायचा नाद लावायला भरतपूरचं पॅकेज, कॅमेऱ्याची मोठी लेन्स, परत भिगवणचे फ्लेमिंगो, हे सगळं एकदम कशाला? त्यांना एक तळं धरू दे. तुमच्या घराजवळ कळंबा तलाव आहे तर कळंबाच, उगं कोल्हापूरभर आज राजाराम तलाव उद्या रंकाळा असं हिंडवू नको.

रोज तेच बघून कंटाळा येईल म्हणतोस. अरे, तेच तर सांगायलोय! थापट्या बदकं थंडीच्या सुरवातीला येतात तेव्हा नर पण मादीसारखाच मळका तपकिरी असतो, नवा माणूस म्हणतो ह्यात काय बघायचं, आणि मग हळूहळू पिसं बदलत जानेवारी-फेब्रुवारीत त्याचं डोकं हिरवंगार चकाकतं, छाती पांढरी, कुशीला विटकरी. दोन दिवस भरतपूरला जाऊन हे दिसणाराय का? फावड्यासारखी चोच पाण्याला टेकवून एकामागं एक गोल फिरत चरतात, पुढच्यानं ढवळलेलं मागचा गाळून खातो. मी तासभर बघत बसतो, घरात म्हणतात ह्यांना उद्योग नाही. नसू दे. जन्मभर साहेबाच्या टायमावर पळालो, आता बदकांच्या टायमावर जातोय, त्यात कुणाच्या पोटात दुखायचं कारण नाही. पोरगा कान्हाचं तिकीट काढतो म्हणाला तेव्हा पण नाहीच म्हटलं, इथं तळ्यावर रोज कोण बघणार?

दुर्बीण ८×४२ ची घे, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी. जास्त पॉवरची घेतलीस तर हात हलला की चित्र हलतं, आणि साठीत हात हलतोच. सोबत एक साधी वही. तारीख, पक्षी किती, काय करत होते, बास. नावं चुकू देत. करडा धोबी हा पक्षी सप्टेंबरच्या सुमारास येतो, यंदा पहिल्यांदा कधी दिसला ही नोंद एकाच तळ्याची असली तरच पुढच्या वर्षी ताडून बघता येते. आणि मोबाईलवर आवाज लावून पक्षी बोलवायचे नाहीत, हे त्यांना आधीच सांग.

तू पण ‘मी रिटायर झाल्यावर बघू’ म्हणालास, ते मला अजिबात आवडलं नाही. तेव्हाचं तेव्हा, तू आत्ताच सुरू कर.

रविवारी दिवस उगवायच्या आत दोघं बांधावर या. पांढरे शर्ट नकोत. लेन्सचं बुकिंग केलं असशील तर आजच कॅन्सल कर, त्या पैशात दोन दुर्बिणी येतील.

तुझा काका