नवी वही घेऊ नका

ठाण्यात, नौपाड्यातल्या माझ्या छोट्या खोलीत मी गेली १६ वर्षं समुपदेशन करते आहे. अलीकडे एक तक्रार फार ऐकू येते, विशेषतः पन्नाशी-साठीच्या बायकांकडून. "मॅडम, हौस खूप आहे हो, पण टिकतच नाही. चार दिवस जोरात होतं, मग बंद." कुणाची पेटी असते, कुणाचं विणकाम, कुणाची चित्रकला. गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात तिघींनी मला हेच वाक्य ऐकवलं, म्हणून रंगीत पेन्सिलींनी फुलं काढणाऱ्या एका ताईंची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई ५८ वर्षांच्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, दोन्ही ग्रेड परीक्षांत त्यांना ए मिळाली होती. पुढे नोकरी, लोकलचा रोजचा प्रवास, घर, सासूबाईंचं आजारपण. निवृत्तीच्या दिवशी मुलीने ७२ रंगांची पेटी भेट दिली आणि म्हणाली, "आई, आता फक्त फुलं काढ." ती पेटी सहा महिने कपाटात पडून होती. ताईंना रात्री झोप लागेना, ती पेटी आठवून.

"माझ्यात सातत्यच नाही," त्या पहिल्याच भेटीत म्हणाल्या.

"सातत्य म्हणजे काय, तुमच्या मते?"

"रोज बसणं. खंड न पडता."

"रोजच?"

"रोजच. नाहीतर कसली आलीय साधना?"

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेल्या विचारांवर माझी श्रद्धा आहे. माणसाला दुःख देतो तो त्याचा हट्ट, ही त्यांची मांडणी. मराठीत तो हट्ट एका अक्षरात पकडता येतो: च. रोजच बसायला हवं, चांगलंच यायला हवं, नाहीतर मी कुचकामीच. माझ्यासमोर बसलेल्या माणसाच्या बोलण्यातले 'च' मी वहीच्या कडेला खुणा करून मोजते. ताईंच्या पहिल्या तासात १९ झाले होते. पण ते त्यांना तेव्हा सांगितले नाहीत. नुसतं दाखवून दिल्याने हट्ट सुटत नसतो.

"घरी अर्धवट वह्या किती आहेत?" मी विचारलं.

त्या ओशाळल्या. "असतील आठ-नऊ."

"पुढच्या वेळी सगळ्या घेऊन या."

त्या कापडी पिशवीतून नऊ वह्या घेऊन आल्या. मी त्यांना तारखांप्रमाणे टेबलावर मांडायला सांगितल्या. सर्वांत जुनी १९९४ ची. गंमत म्हणजे नऊपैकी नऊ वह्यांच्या पहिल्या पानावर जास्वंद होती. त्यांच्या सोसायटीच्या कुंपणाला लागलेली, नेहमीची लाल. कुठे पुढे चार पानं भरलेली, कुठे अकरा, बाकी सगळी कोरी.

"ही का थांबली?"

"मुलीला कांजिण्या आल्या होत्या."

"आणि ही?"

"मार्च एंड. ऑफिसात रात्री आठ वाजायचे."

"ही?"

"सासूबाई बाथरूममध्ये पडल्या."

"मग ते सगळं निस्तरल्यावर परत त्याच वहीत का नाही बसलात?"

बराच वेळ खालून जाणाऱ्या रिक्षांचा आवाज तेवढा येत होता. मग त्या म्हणाल्या, "लाज वाटायची. वही उघडली की शेवटची तारीख दिसायची. नवी घेतली की पाटी कोरी."

हे ऐकलं आणि मला माझंच उत्तर मिळालं. इतकी वर्षं मी अशा लोकांना वेळापत्रक आखून देत होते, छोटी ध्येयं ठरवून देत होते. ते उपयोगी असतंच. पण मुळात खंड पडल्याने कुणाची कला सुटत नाही. सुटते ती खंड लपवण्यापायी. नवी वही, नवा क्लास, नवा पाडवा, नवा संकल्प. प्रत्येक कोऱ्या सुरुवातीसाठी आधीचं सगळं खोडावं लागतं, आणि मग हाताशी केवळ अपयशाचा हिशोब उरतो.

"ताई, तुम्ही नऊ वेळा सोडल्याचं मोजलंत. नऊ वेळा परत आलात, ते कोण मोजणार?"

त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी पहिली वही ओढली, मग शेवटची, दोन्ही जास्वंदी शेजारी धरल्या. १९९४ च्या फुलाला काळी बाह्यरेषा आणि आत सपाट लाल. २०१९ च्या फुलात बाह्यरेषाच नव्हती. पाकळीच्या दुमडीत जांभळी छटा होती आणि मधल्या दांड्याची सावली खाली पाकळीवर पडली होती. त्यावरून बोट फिरवत त्या हळूच म्हणाल्या, "ही सुधारली की हो. मी बसलेच नव्हते, तरी?"

बसल्या नव्हत्या, पण बघत होत्या. भाजी आणता आणता, जांभळी नाक्यावर हार घेताना, कुंपणाशी. डोळ्यांचा रियाज चालूच होता. त्या दिवशी ताई रडल्या, आणि मला वाटतं ते रडणं तीस वर्षांचं होतं.

पुढच्या भेटीत त्या पेन्सिली घेऊनच आल्या. मला एक पाकळी करून दाखवली. पेन्सिल टोकाला न धरता मागे धरलेली, हात इतका हलका की कागदावर जेमतेम गुलाबी धुकं. त्यावर केशरी, मग लाल, मग पुन्हा लाल. मधल्या दांड्यावरचे पिवळे ठिपके आधीच राखून ठेवलेले, कारण लालावर मागाहून पिवळा चढत नाही. "पहिल्या थराला जोर लावायचा नसतो मॅडम. कागदाचा खरखरीतपणा दाबला गेला की तो पुढचा रंग घेतच नाही, पेन्सिल नुसती घसरते." बोलता बोलता त्या थांबल्या. "मी सगळ्या वह्या अशाच सुरू केल्या. पहिल्याच दिवशी दोन-दोन तास."

हे त्यांचं त्यांनी शोधलं. मी फक्त मान डोलावली.

तुमचंही असंच होत असेल तर जुनीच वही उघडा आणि शेवटच्या पानाच्या लगेच पुढच्या पानावर बसा. मध्ये कोरं पान सोडू नका, सबब लिहू नका, तारीख तेवढी टाका. सगळे रंग बाहेर काढायची गरज नाही. पाच-सहा पेन्सिली आणि शार्पनर जेवणाच्या टेबलावर, हाताशी. कपाटातली पेटी काढायला उठावं लागतं आणि तिथेच बेत मोडतो. फूल रोज मिळेल असं निवडा. सदाफुली बारा महिने फुलते, पाचच पाकळ्या, मध्ये गडद ठिपका. मऊ पाकळ्यांच्या नाजूक फुलांसारखी ती काढता काढता मानही टाकत नाही. पंधरा मिनिटं झाली की फूल अर्धं राहिलं तरी उठा. उद्या परत यावंसं वाटायला ते अर्धं फूल बरं पडतं.

घरचे विचारतील, "विकणार आहेस का?" त्याला उत्तर द्यायलाच हवं असं नाही. आणि मोबाइलवर इतरांची पूर्ण झालेली चित्रं बघून मग स्वतःची वही उघडू नका. आधी वही, नंतर मोबाइल. डोळ्यांचं म्हणाल तर चाळिशीचा नंबर दरवर्षी तपासा. अनेकदा उत्साह गेला असं वाटतं, तेव्हा नुसता नंबर वाढलेला असतो. मात्र दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर तो प्रश्न सातत्याचा नसतो. डॉक्टरांना भेटायला उशीर करू नका. ताईंच्या बाबतीत मी हे आधी पडताळून घेतलं होतं.

मेरी डिलेनी या इंग्लिश बाईंनी सत्तरी ओलांडल्यावर, १७७२ मध्ये, रंगीत कागद कातरून हुबेहूब फुलं करायला सुरुवात केली. दहा वर्षांत जवळपास १००० केली, आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. हे मी ताईंना अगदी शेवटी सांगितलं. खचलेल्या माणसाला थोरांची उदाहरणं ओझ्यासारखी वाटतात. उभ्या राहिलेल्या माणसाला तीच सोबत करतात.

दिवाळीनंतर त्या सहज भेटायला आल्या, हातात २०१९ चीच वही. एका पानावर १२ ऑगस्ट, सदाफुली. पुढच्याच पानावर ३ ऑक्टोबर, पुन्हा सदाफुली. मध्ये मिस्टरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, त्याबद्दल त्या दोन वाक्यांत बोलल्या. मग पर्समधून गुलाबी पेन्सिल काढली. झिजून बोटाएवढी उरली होती.

"मॅडम, ही एकच सुटी कुठे मिळेल हो? बाकीच्या ७१ अजून तशाच आहेत."